जुनी ऑल्टो सांभाळायची तर: कुठला आवाज कशाचा, खर्च किती, आणि आधी पैसे कशावर घालायचे

दहा-पंधरा वर्षं झालेली ऑल्टो दारात उभी असेल, किंवा पहिली गाडी म्हणून सेकंडहँड घ्यायचं चाललं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. ऑल्टो आपल्याकडे २००० साली आली, २०१२ ला ऑल्टो ८०० आली, आणि दोन्हींतल्या बहुतेक गाड्यांत ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं दोन्हींना चालतं, मारुती ८०० वाल्यांनाही बरंचसं उपयोगी पडेल. ऑल्टो के-१० चं इंजिन वेगळं आहे, तिच्यात टायमिंग बेल्टऐवजी चेन असते, तेवढा बेल्टचा भाग तिच्या मालकांनी सोडून द्या.

खर्चाचे आकडे बाहेरच्या साध्या गॅरेजचे आहेत आणि अंदाजे आहेत. पुण्या-मुंबईत वरचा आकडा धरा, तालुक्याला मजुरी कमी पडते पण पार्ट कधीकधी मागवावा लागतो आणि गाडी दोन दिवस तिथेच राहते.

या गाडीचे पार्ट स्वस्त आहेत, गल्लीबोळात मिळतात, आणि काम न येणारा मेकॅनिक शोधून सापडणार नाही. तरी लोकांचे वीस-वीस हजार जातात ते कशात, तर अंदाजाने पार्ट बदलत बसण्यात. गाडी गरम होते म्हणून रेडिएटर बदलला, तरी गरम होतेय म्हणून वॉटर पंप बदलला, आणि शेवटी कळलं की रेडिएटरचं दोनशे रुपयांचं झाकण प्रेशर धरत नव्हतं. म्हणून एकच धोरण ठेवा, कुठलाही प्रॉब्लेम असो, त्याच्या कारणांमधलं सगळ्यात स्वस्त कारण आधी तपासायचं, मग त्याच्या वरचं. आणि गॅरेजला गेल्यावर "क्लच बदला" असं सांगू नका, "घाटात रेस वाढते पण गाडी ओढत नाही" असं सांगा. लक्षण सांगायचं तुम्ही, निदान करू दे त्याला.

गाडी गरम होणे

याच्यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण जुन्या ऑल्टोचं इंजिन संपतं ते बहुतेक वेळा इथेच. इंजिनचं हेड (वरचा भाग) अॅल्युमिनियमचं आहे, एकदा चांगलं तापलं की वाकतं, आणि मग गास्केट, म्हणजे हेडखालचं सील, उडतं.

सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडा आणि रेडिएटरचं झाकण काढून आत बघा. गरम असताना अजिबात काढू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आत कूलंट हिरवा, लाल किंवा निळा, जो टाकला असेल त्या रंगाचा आणि गळ्यापर्यंत दिसला पाहिजे. तांबूस गढूळ पाणी दिसलं तर समजा आधीच्या मालकाने नळाचं पाणी वापरलंय आणि आतून गंज धरलाय. झाकणाच्या खालचं रबर बोटाने दाबून बघा, कडक झालं असेल किंवा भेग असेल तर झाकण बदला, १५० ते ३०० रुपये, संपला विषय. मग रबरी पाइप दाबून बघा, फुगलेले किंवा कडक कुरकुरीत झालेले पाइप आज ना उद्या फुटणारच.

त्यानंतर गाडी चालू करून उभ्या जागी पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पुढचा फॅन आपोआप सुरू झाला पाहिजे आणि काही वेळाने बंद झाला पाहिजे. फॅन सुरूच होत नसेल तर मेकॅनिकला सांगा की फॅनला बॅटरीवरून डायरेक्ट करंट देऊन बघ. डायरेक्टवर फिरला म्हणजे मोटर चांगली आहे, दोष फ्यूज, रिले, वायरिंग नाहीतर सेन्सरमध्ये आहे, तीन-चारशेपासून हजारापर्यंत काम होऊन जातं. मोटरच गेली असेल तर १५०० ते २५००.

आता थर्मोस्टॅट व्हॉल्व, इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा. आपल्याकडे हायवेवरचे बरेच मेकॅनिक गाडी गरम झाली की हा व्हॉल्व काढूनच टाकतात आणि सांगतात आपल्या हवेत याची गरज नाही. हे करू देऊ नका. व्हॉल्व काढला की थंड इंजिन लवकर तापत नाही, इंजिन थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं, आत कार्बन धरतो, आणि मूळ दोष जिथे होता तिथेच राहतो. नवीन व्हॉल्व ४०० ते ७०० ला येतो, तो बसवून घ्या. जुनी गाडी घेताना तर हे आवर्जून विचारा, कारण व्हॉल्व काढलेली गाडी म्हणजे आधी कधीतरी तापलेली गाडी.

वॉटर पंप गळायला लागला की पुलीच्या खालच्या बाजूला कूलंटचे वाळलेले डाग दिसतात, मजुरीसकट १८०० ते ३०००. रेडिएटर चोंदला असेल तर आधी साफ करून घ्या, नाहीच जमलं तर नवीन बाहेरचा २५०० ते ४०००.

आणि गास्केट उडालंय हे कसं ओळखायचं? ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. किंवा कूलंट सारखा कमी होतोय पण खाली कुठेच थेंब नाही आणि सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतोय (थंडीतल्या सकाळी पहिली दोन मिनिटं येतो तो नाही). किंवा गाडी चालू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे. यातलं काही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. हेड उतरवून, लेथवर फेस मारून (हेडचा तळ सपाट करून), नवीन गास्केट घालून ६००० ते १०,००० होतात, आणि हेड जास्तच वाकलं असेल तर आणखी. फेस न मारता नुसतं गास्केट टाकून देतो म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका, दोन महिन्यांत परत तेच.

घाटात काटा वर चढायला लागला तर एसी लगेच बंद करा, हीटर असेल तर फुल करा, उकडेल पण इंजिनची उष्णता बाहेर निघते, आणि जागा मिळाली की बाजूला घ्या. अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

टायमिंग बेल्ट

इंजिनचे व्हॉल्व आणि पिस्टन एका तालात ठेवणारा हा रबरी बेल्ट बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही, आणि सांगून तुटत नाही. सेकंडहँड गाडीत मागचा बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर गाडी घेतल्याच्या पहिल्या महिन्यात बदलून टाका, किलोमीटर कमी असले तरी, कारण रबर वयानेही कडक होतं. बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर दोन्ही घ्या, ओरिजिनल घ्या, मजुरीसकट २५०० ते ४०००. चालत्या गाडीत तुटला तर गाडी जागेवर बंद, आणि व्हॉल्व वाकले असतील तर हेड उघडावं लागतं, म्हणजे वरचा गास्केटचा खर्च अधिक व्हॉल्व. बेल्ट काढलेलाच आहे तर समोरच्या ऑइल सील बघायला सांगा, गळत असतील तर त्याच वेळी बदलून घ्या, सील शंभर-दोनशेचे, पण नंतर तेवढ्यासाठी परत सगळं उघडायची मजुरी कशाला द्यायची.

सकाळी सेल्फ उचलत नाही

चावी फिरवली की नुसतं कट-कट वाजतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तर दहातल्या आठ जणांना लगेच बॅटरी बदला असं सांगितलं जातं. आधी बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का बघा, गरम पाणी टाकून साफ करा, पाना लावून घट्ट करा, वर थोडं पेट्रोलियम जेली लावा. मग बॅटरीवरून बॉडीला गेलेली अर्थची वायर बघा, जुन्या गाडीत ती बॉडीला जिथे बोल्ट केलीय तिथे गंज असतो आणि करंट पोचत नाही, सँडपेपर मारून परत घट्ट केली की गाडी एका सेल्फला चालू.

तीनशे-चारशे रुपयांचा मल्टीमीटर घेऊन ठेवा, खरंच. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला पाहिजे आणि गाडी चालू असताना १३.८ ते १४.४. चालू गाडीत १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये, किंवा त्याला फिरवणारा बेल्ट ढिला आहे, अशा वेळी नवीन बॅटरी घातली तरी आठवड्यात बसणार. बेल्ट टाइट करायला शंभर रुपये, अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिपेअर ८०० ते २०००. ३५ एएचची नवीन बॅटरी ३२०० ते ४५००, जुनी परत दिली की थोडे कमी होतात, आणि वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

सेल्फ व्यवस्थित फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर मामला पेट्रोल नाहीतर करंटचा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं असा पंपाचा आवाज येतो का ते कान देऊन ऐका. येत नसेल तर फ्यूज आणि रिले, मग पंप. सारखं रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात कारण टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, पाव टाकी कायम ठेवा. आता पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि या गाड्या त्याच्यासाठी बनलेल्या नव्हत्या, तेव्हा दर सर्विसला पेट्रोलचे रबरी पाइप आणि ओ-रिंग बघायला सांगा, भेगा दिसल्या तर लगेच बदला. पेट्रोलचा वास येतोय आणि आपण दुर्लक्ष करतोय असं कधीच होऊ देऊ नका.

सिग्नलला गाडी बंद पडते, आयडलला थरथरते, तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून घ्या, ४०० ते ७००, सोबत तिन्ही प्लग आणि एअर फिल्टर. थरथर तरी राहिली तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) बसलेलं असतं, एकेक ८०० ते १५००. चेक लाइट पेटली असेल तर स्कॅनर लावणाऱ्याकडेच जा आणि कोड लिहून घ्या. कोड न बघता सेन्सर बदला म्हणणाऱ्याला नको म्हणा, ऑक्सिजन सेन्सरच २०००-३००० चा आहे.

क्लच

ऑल्टोचा क्लच केबलवर आहे. पेडल जड झालं, गिअर पडताना खरखर येते, तर पहिल्यांदा केबल, ५०० ते ८०० मध्ये बसवून मिळते. पेडलला थोडा फ्री प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, राहिला पाहिजे, अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेट जळते.

प्लेट खरंच गेलीय का हे बघायला चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलेटर दाबा, इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी तेवढी पळत नाही आणि जळका वास येतो, मग प्लेट गेली. पूर्ण सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, मजुरीसकट ४५०० ते ७०००. नुसती प्लेट टाकून हजार-दीड हजार वाचवू नका, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तेवढीच आहे. गिअरबॉक्स खाली आहे तोवर इंजिनचं मागचं ऑइल सील पण बदला.

खडखड, गूंगूं आणि कटकट

खालून येणारे आवाज ओळखायला शिका, फार पैसे वाचतात. छोट्या खड्ड्यात खडखड, पण मोठ्या स्पीड ब्रेकरवर गाडी शांत, तर चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट, पूर्ण आर्म १००० ते १६०० चा एक. स्टेअरिंग फिरवताना वरच्या बाजूने टक् असा आवाज आणि स्प्रिंग सुटल्यासारखं वाटतं, तर शॉकअपचं वरचं माउंटिंग. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, दोन-तीनदा हलत राहिली किंवा शॉकअपवर ऑइल ओघळलेलं दिसलं तर गेला. पुढचे दोन्ही जोडीने बदला, ४००० ते ६०००.

स्पीड वाढेल तसा वाढणारा गूंगूं आवाज व्हील बेअरिंगचा, ९०० ते १६०० एका चाकाला. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कट-कट-कट वाजलं तर एक्सलचा जॉइंट. यात खरी गंमत म्हणजे जॉइंट मरतो तो त्याच्यावरचं रबरी बूट फाटल्यामुळे, ग्रीस उडून जातं आणि पावसाळ्यातली माती आत शिरते. बूट ३००-५०० चा, जॉइंट २०००-३५०० चा. त्यामुळे गाडी लिफ्टवर चढली की बूट फाटलंय का हे स्वतः खाली जाऊन बघा. काम झाल्यावर अलाइनमेंट, ३००-४००.

टायर १४५/८० आर१२, छोटे आहेत आणि स्वस्त आहेत, म्हणून नक्षी शिल्लक आहे एवढ्यावर चालवत राहू नका. बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वर गेलेला किंवा बाजूला भेगा पडलेला टायर एक्सप्रेसवेला नेऊ नका.

ब्रेक

इथे लोकल पार्ट नको, उधारी नको, पुढच्या महिन्यावर ढकलणं नको. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड १००० ते १६००, मागचे लायनर १००० ते १५००. ब्रेक दाबला की पेडल खाली जातं आणि दोनदा पंप मारल्यावर लागतं, तर ब्रेक ऑइल कमी झालंय किंवा हवा शिरलीय, आणि ऑइल कमी झालं म्हणजे पॅड तरी झिजलेत नाहीतर कुठेतरी गळतंय. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर व्हील सिलेंडर, ५००-८०० चं काम. बाहेर कुठेच ओलं नाही पण पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं, तर मास्टर सिलेंडर, १५०० ते २५००. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि लांब घाट उतरताना तापून ब्रेक फेल होतो.

एसी

दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो म्हणजे गळती आहे, गॅस आपोआप संपत नसतो. १५००-२००० चा गॅस दरवर्षी घालण्यापेक्षा एकदा लीक टेस्ट करून घ्या. पुढचा कंडेन्सर असेल तर ४०००-५५००, आतली कूलिंग कॉइल असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो म्हणून ५०००-६५००, आणि डॅशबोर्ड परत लावल्यावर खुळखुळ वाजू नये हे कामाआधीच बोलून घ्या.

धूर आणि गंज

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टलाच येत असेल तर व्हॉल्व सील, ३०००-५०००. रेस दिल्यावर सतत येत असेल तर पिस्टन रिंग, म्हणजे इंजिन उतरवून काम, २०,००० च्या पुढे. त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमधला दाब मोजणं) मागा, पाचशे रुपयांत कळतं कुठला सिलेंडर कमी आहे. दोन सर्विसच्या मध्ये अर्धा लिटर ऑइल लागत असेल तर घाबरू नका, दर पंधरा दिवसांनी पट्टी बघून टॉप-अप करत राहिलात तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते.

गंजाचं मात्र तसं नाही. रत्नागिरी, अलिबाग, वसई, गोव्याकडची गाडी घेताय तर आधी मॅट उचलून फूटबोर्डचा पत्रा अंगठ्याने दाबून बघा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायला छोटी भोकं असतात, ती मातीने बुजतात आणि दार आतून सडतं, काडी घालून मे महिन्यातच मोकळी करा. फ्लोअरला पॅच वेल्डिंग करून २०००-५००० मध्ये भागतं. गंज न खरवडता वरून काळं कोटिंग मारून घेऊ नका, आत पाणी अडकून पत्रा अजून लवकर जातो. शॉकअप जिथे बसतो ती जागा किंवा पुढची लांब चॅनेल (बॉडीचा खालचा आधार) सडली असेल तर ती गाडी घेऊ नका, आणि स्वतःची असेल तर तिच्यावर मोठा खर्च करणं थांबवा.

पार्ट कुठून घ्यायचे

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला, तिथे एकाच पार्टचे तीन भाव मिळतील, ओरिजिनल, चांगल्या कंपनीचा आणि डुप्लिकेट. ब्रेक, टायमिंग बेल्ट, क्लच, बॉल जॉइंट हे पहिल्या दोघांतलेच घ्या. लाइट, आरसा, दाराचं हँडल, दाराची काच हे भंगारातलं सुद्धा चालतं. गॅरेजमध्ये बदललेला जुना पार्ट परत मागायचा, नेहमी, तोंड वाकडं केलं तरी मागायचा.

कुठपर्यंत खर्च करायचा

एकदम सगळं करायला जाऊ नका. पहिल्या महिन्यात ब्रेक, टायर, कूलिंग आणि टायमिंग बेल्ट. मग सस्पेन्शन. एसी आणि पेंट सगळ्यात शेवटी. गाडीची किंमत साठ-सत्तर हजार आहे आणि वर्षाला पंधरा हजार दुरुस्तीत जातायत म्हणून लोक हातची गाडी फुंकून टाकतात आणि दोन लाखाची दुसरी जुनी आणतात, जिचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे कोणालाच माहीत नसतं. तुमची गाडी तुम्हाला पाठ आहे याला किंमत आहे. इंजिनचं कॉम्प्रेशन चांगलं आणि पत्रा शाबूत, तर खर्च करा.

पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करायला लागते, फी ५००० रुपये, वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला १०,०००, वर ग्रीन टॅक्स वेगळा, आणि ते पाच वर्षांसाठी होतं. आरटीओला फिटनेसला नेण्याआधी सगळे लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक चालू करून बघा, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू तारखेचे ठेवा, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून घ्या, आणि चेसिस नंबरवर गंज किंवा रंग बसला असेल तर आदल्या दिवशी रॉकेलच्या फडक्याने हळू पुसून आकडे स्पष्ट दिसतात ना तेवढं बघून घ्या, घासायचं नाही.